एकरंगी हात आणि हुकलेली सत्ती: रीची माहजाँगमधल्या एका डावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तोक्योच्या एदोगावा भागातल्या निशिकासाईत भारतीय कुटुंबं पुष्कळ, त्यात मराठीही बरीच. त्यातल्या एका घरी शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चटई पसरतात आणि जपानी पद्धतीचं माहजाँग, म्हणजे रीची माहजाँग, रंगतं. पैसे लावायचे नाहीत, हा घरमालकिणीचा नियम. या प्रकरणातल्या खेळाडू त्याच: माझ्या मित्राची बायको, म्हणून माझ्या वहिनी. रमीत तरबेज, पण माहजाँग शिकून जेमतेम तीन महिने झाले होते. त्या दिवशी पाचवा भिडू म्हणून मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो. बोलायचं नाही, एवढ्या अटीवर. हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहितोय. नावं तेवढी गाळली आहेत.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. १३६ सोंगट्या असतात. बांबू, वर्तुळं आणि अक्षरं असे तीन रंग, प्रत्येकात १ ते ९, प्रत्येक सोंगटी चार वेळा. शिवाय चार वारे आणि तीन ड्रॅगन, तेही चार-चार. हातात १३ सोंगट्या असतात. एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार गट (ओळीने तीन किंवा सारख्या तीन) आणि एक जोडी झाली की हात पुरा. इथपर्यंत रमीच. फरक असा की नुसता हात पुरा होऊन भागत नाही, त्यात 'याकु' म्हणजे मान्यताप्राप्त आकृती लागते आणि तिच्या वजनावर गुण ठरतात. वजनाचं माप 'हान'.

एकरंगी हात ही नवशिक्याला सगळ्यात आधी भुरळ घालणारी आकृती, कारण ती डोळ्यांना लगेच दिसते. तिचे दोन प्रकार. एक रंग अधिक वारे-ड्रॅगन चालतात तो होनित्सु: हात झाकलेला असेल तर ३ हान, इतरांची सोंगटी मागून उघडा केला तर २. दुसऱ्यात वारे-ड्रॅगनसुद्धा नाहीत, शुद्ध एकच रंग. तो चिनित्सु: झाकलेला ६, उघडा ५. पाच हान झाले की मांगान, म्हणजे डीलर नसलेल्याला ८,००० गुण.

अडचण

दक्षिण फेरीचा चौथा म्हणजे शेवटचा डाव. प्रत्येकी २५,००० पासून सुरू झालेल्या खेळाची स्थिती अशी: उजवीकडे बसलेला मित्राच्या ऑफिसातला तरुण ३८,२००, समोर शेजारचे निवृत्त ओजीसान (जपानीत काका), या डावाचे डीलर, २९,७००, डावीकडे वहिनींचे यजमान १८,८००, वहिनी १३,३००, सगळ्यात खाली.

म्हणजे तळातून वर यायला ५,५०० हून अधिक गुण हवेत, आणि ते शक्यतो नवऱ्याला मागे टाकून. या दुसऱ्या भागाला टेबलावर बरंच वजन होतं, हे सांगायला नको.

वहिनींच्या जागेचा वारा पश्चिम. दोरा (बोनस सोंगटी, प्रत्येकी एक हान जास्त) होती बांबू-७. आणि वाटून आलेला हात:

बांबू १ ३ ४ ४ ६ ७ ८, दोन पश्चिम, एक पांढरा ड्रॅगन, वर्तुळ ५ ६, अक्षर २.

तेरातल्या दहा सोंगट्या बांबू किंवा वारे-ड्रॅगन. पश्चिमची जोडी, तीही स्वतःच्या वाऱ्याची: तिसरी मिळाली की एक हान. शिवाय दोरा हातातच. असा हात आला की होनित्सुचा विचार करावाच लागतो.

पहिला निर्णय: वर्तुळं सोडायची का?

पहिल्या उचलीत बांबू-९ आला, अक्षर-२ गेलं. दुसऱ्या उचलीत बांबू-२. आता हातात बांबू १-२-३, ६-७-८ असे दोन तयार गट, ४-४ ही जोडी, सुटा ९, पश्चिमची जोडी, पांढरा आणि वर्तुळ ५-६.

इथे खरा पेच होता. वर्तुळ ५-६ ठेवली, तर ४ किंवा ७ वर्तुळ येताच 'रीची' जाहीर करता आली असती. रीची म्हणजे झाकलेला हात एका सोंगटीवर आल्याची घोषणा: एक हान जास्त, पण नंतर हात बदलायला मनाई. हा वेगाचा रस्ता. उलट वर्तुळं फेकली की हात एक पायरी मागे जाणार, पण होनित्सुचं वजन मिळणार.

वहिनींनी पाचेक सेकंद थांबून वर्तुळ-५ टाकलं. मागे बसून मी मनात हिशेब केला. वेगाच्या रस्त्याने, नवरा सोडून दुसऱ्या कुणाच्या टाकलेल्या पश्चिमवर हात पुरा झाला असता तर रीची, पश्चिम, दोरा असे ३ हान, म्हणजे ५,२००. १३,३०० मध्ये मिळवा: १८,५००. नवऱ्यापेक्षा ३०० कमी! बांबू-४ वर पुरा झाला तर फक्त २,६००. ते थेट नवऱ्याकडून घेतले तरी १५,९०० विरुद्ध १६,२००, पुन्हा ३००च कमी. स्वतः सोंगटी उचलली किंवा नशिबाने झाकलेली दोरा (रीची करून जिंकल्यावरच उघडते ती) लागली तर गोष्ट वेगळी. पण शेवटच्या डावात 'किती लवकर' याच्या आधी 'किती हवेत' हे विचारायचं असतं. वहिनींनी इतका हिशेब केला नव्हता (नंतर विचारलं तर म्हणाल्या, "बांबू छान दिसत होते"), पण निर्णय बरोबर होता.

पुढच्याच उचलीत वर्तुळ-४ आलं. वहिनींच्या खांद्यांवरूनच कळलं. वर्तुळ-५ गेलं नसतं तर तिथल्या तिथे रीची झाली असती. अशा वेळी मागच्या निर्णयावर चिडून पुढचा बिघडवणारे मी कमी पाहिलेले नाहीत. त्यांनी मुकाट्याने वर्तुळ-४ टाकलं, त्याच्या पुढच्या फेरीत बांबू-५ उचलला आणि वर्तुळ-६ टाकलं.

आता त्यांच्यासमोरच्या टाकलेल्या रांगेत अक्षर-२, वर्तुळ-५, वर्तुळ-४, वर्तुळ-६. मधली, कामाची वर्तुळं इतक्या लवकर कोण टाकतं? ओजीसानांनी चष्मा वर करून एकदा त्या रांगेकडे पाहिलं. एकरंगी हात लपत नाही. त्याचं अर्धं गुपित टाकलेल्या सोंगट्याच फोडतात.

दुसरा निर्णय: 'पोन' म्हणायचं का?

हातात आता बांबू १-२-३-४-४-५-६-७-८-९, दोन पश्चिम, एक पांढरा. १ ते ९ पूर्ण ओळ! तिलाही मान आहे, तिचं नाव इत्सु: झाकलेला हात असेल तर २ हान, उघडा असेल तर १.

आणि समोरून ओजीसानांनी पश्चिम टाकला.

तीन पर्याय होते. एक, 'पोन' म्हणून तो उचलायचा: पश्चिमचा तिघांचा गट होतो, हात लगेच एका सोंगटीवर येतो, पण उघडा पडतो. दोन, सोडून द्यायचा आणि झाकलेला हात तसाच वाढवायचा: रीची, होनित्सु, इत्सु, दोरा मिळून सात हान, म्हणजे हानेमान, १२,००० गुण. हात स्वतः उचलून पुरा झाला तर ओजीसानांनाही मागे टाकून दुसरा नंबर. तीन, पश्चिमची जोडीच मोडायची आणि चिनित्सुकडे वळायचं.

तिसरा पर्याय वहिनींच्या डोक्यात खरोखर आला होता. नुकताच शिकलेला शब्द आणि त्यापुढचे पाच-सहा हान, मोह पडणारच. पण हातात दहा बांबू आणि पुऱ्या हाताला लागतात चौदा. आणखी चार बांबू आणायचे कुठून? ओळ जुळवायला 'ची' म्हणून फक्त डावीकडच्याची सोंगटी उचलता येते आणि डावीकडे बसले होते यजमान, जे ती वर्तुळांची रांग बघून आधीच बांबू आवरून बसले होते. होनित्सुत वारा हा मित्र असतो. शुद्धतेच्या हट्टापायी त्याला हाकलून देण्यात हशील नसतं.

दुसऱ्या पर्यायावर आमचं आजही एकमत नाही. तरुण भिडू म्हणतो, पाचवीच फेरी होती, तो थांबला असता. मी पोन केलं असतं. उघड्या हातालाही होनित्सु २, पश्चिम १, दोरा १ मिळून ४ हान, म्हणजे निदान ७,७००, आणि तेवढ्याने कुणाकडूनही काम भागत होतं. वहिनींनीही पोन म्हटलं.

आता एक सोंगटी टाकायची. इथून गोष्ट फिरली.

वहिनींनी सोंगट्या कशा लावल्या होत्या पाहा: १-२-३, थोडी जागा, ४-५-६, थोडी जागा, ७-८-९, मग बाजूला एकटा ४ आणि शेजारी पांढरा. त्यांच्या लेखी तीन गट तयार होते आणि प्रश्न फक्त जोडीचा होता: ४ ठेवू की पांढरा? एक पांढरा आधीच कुणीतरी टाकलेला होता, म्हणून त्यांनी पांढरा सोडला. टाकला तो बरोबर. कारण मात्र अपुरं होतं.

कारण १-२-३-४-४-५-६-७-८-९ हा हात फक्त ४ ची वाट पाहत नाही. ४-४ ही जोडी धरा: १-२-३, ७-८-९ आणि ५-६ उरतात, ५-६ ला ४ चालतो, ७ ही चालतो. आता २-३-४, ४-५-६, ७-८-९ असे गट करा: १ एकटा उरतो, त्याला जोडीला १ चालतो. म्हणजे वाट तीन सोंगट्यांची: १, ४, ७. मोजून पाहिलं तर बांबू-४ दोनच शिल्लक, पण १ तीन आणि ७ तीन. दोन नव्हे, आठ सोंगट्यांवर हात पुरा होत होता.

हे त्या क्षणी टेबलावर फक्त मला दिसत होतं आणि मला बोलायची बंदी होती.

काय घडलं

त्याच फेरीत यजमानांनी बांबू-१ टाकला, ज्याच्यावर पक्ष्याचं चित्र असतं तो. बांबू टाकायचाच तर कडेचा टाकावा, असा त्यांचा विचार. चुकीचाही नव्हता. वहिनींनी त्या पक्ष्याकडे पाहिलं आणि उचलीसाठी हात पुढे केला. ७,७०० गुण, तेही थेट नवऱ्याकडून, टेबलावर पडून राहिले.

त्यांनी उचलली ती बांबू-७. दोरा.

हात पुरा झाला होता! ४-४, १-२-३, ५-६-७, ७-८-९ आणि पश्चिम. होनित्सु २, पश्चिम १, दोरा २, बरोबर पाच हान, मांगान. 'त्सुमो' (स्वतः उचलून हात पुरा) म्हणून हात उघडला असता तर २१,३०० होऊन त्या तिसऱ्या आल्या असत्या.

पण त्यांच्या नजरेत सत्ती ही "आलेली आणखी एक चांगली सोंगटी" होती. एकट्या ४ पेक्षा एकटी ७ भारी: जोडी जमली तर दोरा तीन, वर इत्सु, एकूण सात हान. म्हणून त्यांनी बांबू-४ टाकला. ज्याच्या हातात एकच रंग आहे त्याने त्याच रंगाची सोंगटी टाकली, की बाकीचे समजतात: तयार झाला. यजमान आणि तरुण भिडू तिथून पुढे फक्त सुरक्षित सोंगट्या टाकू लागले.

ओजीसान मात्र डीलर, पहिल्या नंबरच्या मागे ८,५०० वर. त्यांनी दोन फेऱ्यांनी रीची जाहीर केली. रीचीनंतर जे येईल ते, हात पुरा होत नसेल तर, टाकावंच लागतं. पुढच्या फेरीत त्यांनी उचललं, एक निःश्वास सोडला आणि बांबू-७ टेबलावर ठेवला.

"रोन!" म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर हात पुरा. वहिनी जवळजवळ उभ्या राहिल्या. सोंगट्या उघडल्या: १-२-३, ४-५-६, ७-८-९, ७. हानेमान, १२,०००, समोरच्या डीलरकडून. त्यांचा हिशेब बरोबर होता, थेट दुसरा नंबर.

ओजीसानांनी क्षणभर हात पाहिला. मग वाकून दोन बोटांनी सोंगट्या नव्याने लावल्या: १-२-३, ४, ५-६-७, ७-८-९. आणि बोट नेलं वहिनींच्या टाकलेल्या रांगेतल्या शेवटून चौथ्या सोंगटीवर. बांबू-४.

"फुरितेन."

नियम असा: तुमचा हात ज्या ज्या सोंगट्यांवर पुरा होऊ शकतो, त्यातली एक जरी तुम्ही स्वतः आधी टाकलेली असेल, तर दुसऱ्याच्या सोंगटीवर रोन म्हणता येत नाही. टाकलेल्याच नव्हे, कुठल्याच वाटेवर नाही. वहिनींचा नवा हात, १-२-३-४-५-६-७-७-८-९, हाही १, ४, ७ याच तिघांची वाट पाहत होता. त्यांना त्यातली फक्त ७ दिसत होती.

निकाल

खोटा रोन उघडला तर चोंबो, हा घरचा ठरलेला नियम: उलटा मांगान. ओजीसान म्हणाले, नवीन आहेत, सोडून देऊ. वहिनींनी ऐकलं नाही. डीलरला ४,०००, बाकी दोघांना २,०००-२,००० मोजून दिले; ओजीसानांनी रीची जाहीर करताना ठेवलेली गुणांची काडी त्यांना परत गेली. वहिनी ५,३०० वर. डाव पुन्हा वाटला, यजमानांनी एका किरकोळ हाताने तो संपवला आणि क्रम होता तसाच राहिला.

मग मी तोंड उघडलं आणि सगळा डाव टेबलावर पुन्हा मांडून दाखवला. पाचव्या फेरीवर आलो तेव्हा वहिनींनी यजमानांकडे वळून विचारलं, "म्हणजे अहो, तुम्ही टाकलात तो एक्का, तो पक्षी, तोही माझाच होता?" यजमान चहा करायला उठले.

वेगळं काय करता आलं असतं

वर्तुळं सोडणं, पोन करणं, पांढरा टाकणं, या तिन्ही ठिकाणी मी काही बदलणार नाही. बिघडलं ते वाचनात, आणि त्याचं मूळ अगदी साधं होतं: सोंगट्यांमध्ये सोडलेली जागा. रमीत आपण सिक्वेन्स लागला की तो वेगळा धरतो आणि विसरतो. तीन रंगांच्या हातात ते चालून जातं, कारण वर्तुळ आणि बांबू एकमेकांत मिसळतच नाहीत. एकाच रंगात मात्र प्रत्येक सोंगटी शेजारच्या दोन-तीन गटांत जाऊ शकते. जागा सोडून लावल्या की डोळा तेवढीच एक मांडणी बघतो. म्हणून एकरंगी हातात सोंगट्या सलग, चिकटून ठेवाव्यात.

दुसरं, वाट शोधायची पद्धत. गट शोधू नका, जोडी शोधा. प्रत्येक शक्य जोडी बाजूला काढायची आणि उरलेल्यात काय कमी पडतंय ते पाहायचं. मग एकेक सोंगटी सुटी धरून तिलाच जोडी लागेल का ते पाहायचं. हेही जमत नसेल तर १ पासून ९ पर्यंत एकेक सोंगटी मनात मिळवून बघायची. नऊच तर आहेत. १-४-७, २-५-८, ३-६-९ या तिकड्या सारख्या भेटतात: २-३-४-५-६-७-८ असा सलग सातांचा तुकडा २, ५, ८ ची वाट पाहतो. आणि ३-३-३-४ सारखा तुकडा २, ४, ५ ची, हे नवशिक्याला हमखास चकवतं.

तिसरं, ही मोजणी कधी करायची. आपली पाळी आल्यावर नव्हे. वहिनींचा हात वर्तुळ-६ टाकल्यापासूनच दाराशी आला होता. पश्चिम आला तर काय उरेल, ४ आला तर काय, हे इतर तिघे खेळत असताना पाहून ठेवता आलं असतं. पोनची हाक तर सेकंदात द्यावी लागते. तिच्यानंतरचं वाचन हाकेआधीच झालेलं असावं.

चौथं ओजीसानांचं, आणि ते मला सुचलं नव्हतं. बांबू-७ उचलल्यावर वहिनींना संशय आला असता आणि त्यांनी ती तशीच टाकून दिली असती, तरी फुरितेन झालंच असतं, कारण ७ ही वाटेतलीच. म्हणजे त्या घडीला त्सुमो एवढाच मार्ग होता. पण ४ टाकून झाल्यावरही सगळं संपलेलं नव्हतं: फुरितेनमध्ये रोन बंद असतो, स्वतः उचलून हात पुरा करायला मुभा असते. १, ४, ७ च्या प्रत्येकी दोन, मिळून सहा सोंगट्या त्यांना अजून दिसलेल्या नव्हत्या. आपण फुरितेनमध्ये आहोत एवढं माहीत असतं तर ओजीसानांची ७ गप्प राहून जाऊ देता आली असती, आणि ते ८,००० तरी वाचले असते.

त्यानंतर

वहिनींनी संचातले ३६ बांबू वेगळ्या डब्यात काढून ठेवले आहेत. भात शिजेपर्यंत त्यातले तेरा उचलायचे, एका सोंगटीवर येईपर्यंत बदलायचे आणि वाट मोठ्याने म्हणायची, असा त्यांचा रोजचा सराव. सुरुवातीला दोन-दोन वाटा सुटत. गेल्या आठवड्यात त्यांनी मला फोनवर फोटो पाठवला, बांबू ३-३-३-४-५-६-७, खाली एवढंच: "भावजी, वाट?"

मी ट्रेनमध्ये होतो. जरा विचार करून लिहिलं: २, ४, ५, ७.

उत्तर आलं, "आणि ८."